फ्रेंचांची गिटार आणि मींड

राज्यांचा इतिहास वाचताना गवयाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की दरबार मोडला तेव्हा वाजविणारे कोठे गेले? ग्वाल्हेरीत हा प्रश्न कोणाला परका वाटू नये. फ्रेंचांच्या पूर्वेकडील साम्राज्याविषयी तोफा, तह, रबराचे मळे आणि १९५४ सालचे दिएन बिएन फू येथील फ्रेंचांचे पानिपत एवढे बहुतेकांच्या वाचनात असते. परंतु व्हिएतनामच्या ह्यूए नगरीतील दरबारी वादकांचे पुढे काय झाले, आणि साहेबाच्या गिटारीचे तेथील लोकांनी काय केले, ही हकीकत मला त्या सगळ्यांहून अधिक बोलकी वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८५८ साली फ्रेंच व स्पॅनिश आरमाराने दा नांग बंदरावर तोफा डागल्या. निमित्त मिशनऱ्यांच्या छळाचे होते. पुढल्याच वर्षी सायगाव पडले. १८६२ च्या तहाने दक्षिणेतील तीन प्रांत गेले, १८६७ त आणखी तीन. आणि १८८४ पर्यंत ह्यूएचा बादशहा फ्रेंचांच्या 'संरक्षणा'खाली आला. गादी राहिली, छत्रचामरे राहिली, मुजरे राहिले. हुकूम मात्र फ्रेंच अधिकाऱ्याचा चालू लागला. त्या अधिकाऱ्याचा हुद्दादेखील 'रेझिडेंट' असाच होता. संस्थानी घरांतील वाचकांना यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

१८८५ च्या जुलैत दरबारातील एका पक्षाने फ्रेंचांवर रात्री हल्ला केला. तो फसला. फ्रेंचांनी राजवाडा लुटला, आणि हाम न्घी हा कोवळ्या वयाचा बादशहा डोंगरात पळाला. १८८८ त तो पकडला गेला आणि त्याची रवानगी अल्जीरियाला झाली. तेथे तो चित्रे काढू लागला आणि तेथेच १९४४ साली वारला. त्याच्या गादीवर फ्रेंचांनी आपल्या मर्जीतला दुसरा राजा बसविला.

ह्यूएचे दरबारी संगीत दोन ताफ्यांचे असे. एक मोठा, त्यात नगारे आणि आपल्या सनईच्या जातीचे वाद्य; दुसरा लहान, त्यात तंतुवाद्ये व बासरी. पहिल्याला आपण नगारखाना म्हणावे. राज्याभिषेक, देवपूजा, पितरांचे सण, सगळे या संगीतावर चाले. १८८५ नंतरच्या त्या धामधुमीत काही वादकांनी दक्षिणेची वाट धरली. त्यांतील न्ग्वेन क्वांग दाइ हे नाव आजही तिकडे आदराने घेतले जाते. लोक त्याला बा दोइ म्हणत. सायगावच्या आसमंतात आणि मेकाँगच्या खोऱ्यात त्याने शिष्य तयार केले. राजवाड्यातले गाणे अशा रीतीने जमीनदारांच्या, कारकुनांच्या, शेतकऱ्यांच्या ओसरीवर आले. रात्री जेवणे आटोपल्यावर चार मंडळी बसावीत, चहा व्हावा, वाद्ये मिळवावीत, आणि कोणीतरी गळा मोकळा करावा, असा तो प्रकार. त्याचे नावच 'हौशी गुणीजनांचे गाणे' अशा अर्थाचे आहे. आपली घरगुती बैठक यापरती काय निराळी असते?

याच ओसरीवरच्या गाण्यातून १९१९ च्या सुमारास काओ वान लाउ या वादकाने बाक लिएउ गावी एक गीत बांधले. रात्रीच्या पडघमाचा आवाज ऐकून दूर गेलेल्या पतीची आठवण काढणाऱ्या स्त्रीचे ते गीत आहे. बांधले तेव्हा त्याच्या प्रत्येक चरणाला दोनच मात्रा होत्या. लोकांना चाल इतकी आवडली, की गाणाऱ्यांनी ती सैल करावयास सुरुवात केली. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ, मग सोळा, आणि काही दशकांत बत्तीस! मुक्कामाचे स्वर तेच राहिले. मधली जागा वाढली, आणि ती भरून काढण्याचे काम कलावंताच्या कल्पनेवर पडले. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ज्यांनी कान देऊन ऐकला असेल, त्यांना याचे मर्म एका क्षणात कळेल. दोन देशांनी एकमेकांस न विचारता एकच वाट धरली.

आता गिटारीकडे वळतो. फ्रेंचांबरोबर व्हायोलिन, मँडोलिन, गिटार ही वाद्ये आली. नाटकमंडळ्यांना ती हवी होती. आवाज मोठा, आणि नवेपणाची ऐट निराळी. पण तिकडच्या गाण्याचा जीव आपल्याप्रमाणेच स्वराच्या हेलकाव्यात आहे. तार दाबून, ओढून, कंप देऊन स्वर नटवावा लागतो. गिटारीचे पडदे तर सपाट पट्टीवर बसविलेले. तार दाबली की लाकडाला टेकते, तिच्यात लवण्यास जागाच उरत नाही. प्रथम मँडोलिनीवर आणि मग १९३० नंतरच्या वर्षांत गिटारीवर त्यांनी उपाय केला. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून काढले! तेथे खोलगट खळगे केले. आता बोट खाली दाबले की तार आणखी ताणली जाते, स्वर वर चढतो, आणि मींड निघते. मिळवण्याही आपल्या ठरविल्या.

येथे आपल्या पेटीची आठवण होणे अटळ आहे. हार्मोनियमची मूळ घडणही पॅरिसचीच. देबाँ नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. तिच्या स्वरांत मींड नाही ही तक्रार आपण किती वर्षे केली! १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले. आपण वाद्यावर बंदी घालून पाहिली, त्या लोकांनी पटाशी हाती घेतली. पेटी कोरून मींड निघत नाही, हे मलाही कळते. तरीपण त्या पटाशीचा मला हेवा वाटतो.

हेलकाव्याचा हा आग्रह त्यांच्या भाषेतूनही आला असावा. त्या भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. 'मा' हा एकच उच्चार सहा परींनी करता येतो, आणि तो भूत, आई, 'परंतु', थडगे, घोडा किंवा भाताचे रोप असे निरनिराळे अर्थ देतो. फ्रेंच चालीवर शब्द बसवावा, आणि आईच्या जागी घोडा यावा! फ्रेंच गाण्यांच्या चालींवर देशी शब्द घालण्याची लाट १९३० नंतर तेथे आली, तेव्हा कवींची काय त्रेधा उडाली असेल याची कल्पना नाट्यपदे रचणाऱ्या कोणासही करता येईल.

फ्रेंचांनी शिकविले काय? हनोईत १९११ साली पॅरिसच्या धर्तीचे ऑपेरागृह पुरे झाले. १९२७ साली तेथेच एक संगीतशाळा निघाली, शिकवणी पाश्चात्य संगीताची, आणि १९३० साली ती बंदही पडली. साँ-साँस हा त्यांचा थोर संगीतकार १८९५ साली पुलो काँदोर बेटावर सुमारे महिनाभर राहिला, आणि एका दिवंगत मित्राचा अपुरा ऑपेरा पुरा करीत बसला. हे बेट म्हणजे १८६२ पासून फ्रेंचांचे काळे पाणी. याच्या उलट, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात दब्युसीने अनामी नाटक आणि जावाचे वाद्यवृंद ऐकले, आणि ते तो पुढे कित्येक वर्षे विसरला नाही. वसाहतीच्या त्या बाजारात एका माणसाचे कान तरी उघडे होते.

१९४५ च्या ३० ऑगस्टला ह्यूएच्या दरवाजावर बाओ दाइ बादशहाने राज्यत्याग केला, आणि दरबारी ताफ्यांचा आश्रय संपला. १९४७ च्या लढाईत राजवाड्याचा बराच भाग जळाला. त्रान वान खे हा दक्षिणेतील, पिढीजात वादकांच्या घरातला तरुण १९४९ साली फ्रान्सला गेला आणि १९५८ त त्याने आपल्याच देशाच्या परंपरागत संगीतावर पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळविली. आयुष्याचा मोठा भाग त्याने तेथेच अध्यापनात व संशोधनात घालविला, उतारवयात मायदेशी परतला, आणि २०१५ साली सायगावात, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह नगरात, वारला. ह्यूएच्या दरबारी संगीताला युनेस्कोने २००३ साली मानवजातीचा वारसा म्हणून घोषित केले. ओसरीवरच्या गाण्याला तो मान २०१३ साली मिळाला. राजवाड्यातले जुने नाटकघर दुरुस्त झाले आहे आणि तेथे प्रवाशांसाठी खेळ होतात. दक्षिणेत मात्र तिकिटावाचून अजूनही मंडळी बसतात, आणि त्यांच्यात खळगे कोरलेली गिटार असते. तिच्या एका मिळवणीचे नाव 'सायगाव' असे आहे.