जर-तरची प्रशस्तिपत्रे

'जर-तर' ही संकेतबोधक अव्ययांची जोडी गेली वीस वर्षे मी फळ्यावर लिहीत आलो आहे. सीताबर्डीवरच्या एका छपाईच्या दुकानात, संगणकापुढे बसून तिच्याशी गाठ पडेल असे मात्र वाटले नव्हते.

गेल्या वर्षी कॉलेजची प्रशस्तिपत्रे माझ्याच देखरेखीखाली छापली गेली. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी ते पत्र घेऊन आली. त्यावर ओळ होती : 'श्री. यांची कन्या'. मध्ये नुसती कोरी जागा! "सर, हे आईले कसं दाखवू?" एवढेच ती म्हणाली. तिला आईने एकटीने वाढवले आहे, हे मला तेव्हा कळले.

चूक कुठे झाली ती यंदा उमगली. संगणकावरचे चित्र थराथरांचे असते. तळाशी वेलबुट्टी, वर बोधचिन्ह, त्यावर मजकूर. नावे एक्सेलच्या तक्त्यातून आपोआप येत, 'श्री.' आणि 'यांची कन्या' हे शब्द मात्र तळच्या थरात कायमचे छापलेले! नाव आले नाही तरी मानपान जागच्या जागी. दुकानातल्या मुलाने 'श्री.', नाव आणि 'यांची कन्या' यांचा एकच घटक बांधला आणि नियम घातला : रकाना भरलेला असेल तर घटक दाखव, नसेल तर सबंध घटक लपव. 1804 साली फ्रान्सच्या जाकार्डने मागाला छिद्रांचे पुठ्ठे लावले, तेही याच जातीचे. छिद्र असेल तर ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तर नाही. त्यातून जरीची फुले उमलत.

तरीही पहिल्या नमुन्यात 'श्री. निरंक यांची कन्या' निघालीच! भरणाऱ्याने कुठे 'निरंक' लिहिले होते, कुठे आडवी रेघ, कुठे फक्त एक मोकळी जागा. आपल्या डोळ्यांना ती जागा रिकामी, यंत्राच्या लेखी ते एक अक्षरच. दोन संध्याकाळी त्या साफसफाईत गेल्या.

मग वाटले, मुळात ही ओळ हवीच कशाला? शासनाने 2024 मध्ये सरकारी कागदपत्रांसाठी स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम ठरवला आहे. तोच आम्ही उचलला. एखादे नाव नसेल तर पुढचे शब्द सरकून जवळ येतात. भोक पडत नाही. 'याने' की 'हिने' हा प्रश्न मी माझ्या अधिकारात सोडवला. 'यांनी भाग घेतला' लिहिले. क्रियापद 'भाग'प्रमाणे चालते, मुलगा-मुलगी पाहत नाही. एक अट वाचली. व्याकरणाचा इतका रोकडा फायदा मला यापूर्वी झालेला नाही!

यंदा ती मुलगी पुन्हा आली. उभ्या उभ्या आपले नाव वाचले, मग आईचे, मग आडनाव. पत्र पिशवीत घातले आणि दारापर्यंत जाऊन परतली.

"सर, आणखी एक प्रत भेटेल का? आजीले पाहिजे."