दहाव्या खाटेवरचं यकृत

'रोज तेच बघून सिस्टरांची मनं दगड होतात', असं आपण रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून सहज बोलून जातो. इझाबेल मेन्झीज या मनोविश्लेषक संशोधिकेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास केला, तेव्हा तिला वेगळंच दिसलं. मनं शाबूत होती. दगडासारखं वागायला लावणारी होती ती कामाची पद्धत.

तिथे रुग्णाला नाव नसे. 'दहाव्या खाटेवरचं यकृत', 'पंधराव्या खाटेवरचा न्यूमोनिया' अशी ओळख. एकेका परिचारिकेने पुष्कळ रुग्णांची ठरावीक दोन-चार कामं करायची, पूर्ण रुग्ण कुणाचाच नाही. शिकाऊ मुलींच्या वॉर्डांत सतत अदलाबदल. झोपेची गोळी द्यायची म्हणून झोपलेल्याला जागं करायचं! हे हसण्यावारी न्यायचं नाही. परक्या देहाची इतकी जवळीक, मरण, किळस, माया, रुग्णाचाच येणारा राग आणि त्या रागाची शरम, हे सगळं एकदम अंगावर येऊ नये म्हणून ही भिंत होती, असं मेन्झीजचं म्हणणं. पण भिंतीमुळे भीती संपत नसे आणि माणूस बरा होताना पाहण्याचं समाधान मात्र हातचं जाई. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत. त्यांत गुणी मुलीही बऱ्याच असत.

यापुढे परळचं केईएम ठेवून पाहावं. १९७३ मध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्यांना तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं. पुढच्या पिढ्यांतल्या मुलींनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

त्या आपल्यातल्याच होत्या म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे रुग्ण एक होता, त्याला नाव होतं आणि वेळ वर्षांनी मोजलेला होता. रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या मुलीकडे या तिन्हींपैकी काहीच नसतं.