‘सर, थांबा’ म्हणण्याची सोय

शस्त्रक्रियेतल्या सगळ्याच चुका अज्ञानातून होत नाहीत. अँटिबायोटिक वेळेवर द्यायचे राहते, गॉज पोटात राहतो. नियम मात्र सगळ्यांना पाठ असतात. उमरखेडजवळच्या उटी गावात मुळे असलेले बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेसाठी सहकाऱ्यांसह १९ कलमांची यादी तयार केली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्याआधी थांबायचे, मोठ्याने विचारायचे. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओत १०१ रुग्णालयांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. यादी पाळल्याची नोंद होती. पण टीम खरोखर थांबली का, हे नोंद सांगत नाही.

एक कलम पोरकट वाटते: प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. पण एकदा नाव उच्चारलेल्या नव्या सिस्टरला मोठ्या डॉक्टरांना ‘सर, थांबा’ म्हणणे जरा सोपे जाते.

पहिले कलम रुग्णाचेच आहे. नाव, कुठले ऑपरेशन, कुठली बाजू? सकाळपासून चौथ्यांदा विचारले, तरी वैतागू नये.