हॉर्न वाजत नाही? आधी करंट कुठं अडलाय ते शोधा

ब्रेक बिघडला तर आपण त्याच दिवशी गॅरेज गाठतो. हॉर्न बंद पडला की मात्र ‘बघू नंतर’ म्हणतो. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस गेलेला असतो, वळणापलीकडचं काही दिसत नाही आणि समोरून ट्रॅक्टर येत असतो, तेव्हा ‘मी येतेय’ हे सांगायला आपल्याकडं हॉर्नच असतो.

दुसरी गोष्ट पैशांची. हॉर्न वाजत नाही म्हणून बऱ्याचदा थेट नवा बसवला जातो. दोष वायरमध्ये असेल तर तोही मुकाच राहतो. म्हणून आजचं एकच सांगणं : आधी दोष शोधायचा, मग पैसे काढायचे.

हॉर्नच्या डबीत तारेचं वेटोळं आणि पातळ पोलादी चकती असते. करंट आला की वेटोळ्याचं लोहचुंबक होतं आणि ते चकतीला ओढतं. चकती ओढली गेली की आतला पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चकती मागं येते आणि करंट पुन्हा जोडला जातो. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं, त्याचाच तो आवाज. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, वायर, बटण आणि हॉर्न ही एक साखळी आहे. यातली एक कडी तुटली की आवाज बंद.

आता लक्षणं बघू. हॉर्नबरोबर इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवाही बंद असेल, तर आधी फ्यूज बघा. आवाज घोगरा येतोय आणि गाडी रेस केल्यावर सुधारतोय, तर बॅटरी उतरली आहे. गाडी स्टँडवर लावा, चावी चालू करा, बटण दाबून धरा आणि हँडल डावी-उजवीकडं फिरवा. आवाज मधेच येतो, मधेच जातो? मग हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटली आहे. रोज वळून वळून ती तिथंच तुटते.

काहीच आवाज नसेल तर बल्बची परीक्षा घ्या. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याचं होल्डर आणि दोन वायरी एवढंच लागतं. मोटारसायकलचा हॉर्न पुढं, हेडलाइटच्या खाली सापडतो. स्कूटरला पुढच्या पॅनलचे स्क्रू काढावे लागतात. चावी बंद करून हॉर्नच्या दोन्ही वायरी काढा. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्या दोन टोकांना बल्बच्या वायरी जोडा. उघडं टोक गाडीच्या लोखंडाला लागू देऊ नका. मग चावी चालू करून बटण दाबा.

बल्ब लख्ख पेटला? मग करंट येतोय, दोष हॉर्नचाच. हॉर्न नुसता ‘टक्’ करत असेल तर बदलण्याआधी एक प्रयत्न करा. त्याच्या मागं एक छोटा स्क्रू असतो. तो मूळ कुठं होता याची खूण करा, अगदी थोडा फिरवा, वाजवून बघा. आवाज मोकळा झाला की थांबा.

बल्ब मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर नवा हॉर्न आणू नका. फ्यूज उडाला असेल तर जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच घाला. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कधीच नको, वायरिंग पेटू शकतं. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठंतरी वायर घासून उघडी पडली आहे. फ्यूज ठीक असेल तर बटणाचे स्क्रू काढून आत बघा. पावसाळ्यानंतर पत्तीवर हिरवट गंज धरतो. चावी बंद ठेवून बारीक पॉलिश पेपरनं तो हलकेच घासा. तुटलेली वायर नुसती पिळून टेप लावू नका, पाण्यानं पुन्हा गंजते. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवून घ्या.

हॉर्न खरंच गेला असेल तर जुना सोबत घेऊनच दुकानात जा. १२ व्होल्टचा, त्याच प्रकारचा मागा. जुनी लवचीक पट्टी तशीच ठेवा, तिच्यामुळं चकती मोकळी थरथरते. हॉर्न पत्र्याला टेकू देऊ नका, तोंड खाली ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. मोठ्या आवाजाचा हॉर्न जास्त करंट ओढतो. रिले न लावता तो जोडला तर बटणाचे पॉइंट जळतात. आणि अनेक सुरांचे हॉर्न तर नियमातच बसत नाहीत.

हॉर्न वाजायला लागला तरी तो गरजेपुरताच वाजवा. दवाखाना आणि शाळेपासून १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केला जाऊ शकतो. विनाकारण वाजवल्यास दंड होऊ शकतो.

तो बल्ब मात्र डिकीत ठेवून द्या. ब्रेकचा दिवा किंवा इंडिकेटर बंद पडला तरी तोच उपयोगी येईल. आणि गॅरेजमध्ये कुणी ‘सगळी वायरिंग बदलावी लागेल’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, “करंट कुठपर्यंत येतोय, ते दाखवता का?”