केसपेपर, संमतिपत्र आणि बहात्तर तास

डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार झाल्याचे कानी आले, की चुकीची शस्त्रक्रिया झाली असावी असाच तर्क आपण करतो. परंतु उपचारांत कोणतीही कसूर नसतानाही, केवळ कागदपत्रांपायी डॉक्टर अडचणीत येऊ शकतो, हे आमच्या देणगीदारांस व रुग्णांच्या आप्तांस सहसा ठाऊक नसते.

डॉक्टरांची २००२ सालची आचारसंहिता आजही लागू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. या संहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन करावयाची असतात. रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास पोच देऊन ७२ तासांत ती द्यावयाची असतात. यात कसूर करणे हे गैरवर्तनच मानले जाते. बिल थकले असल्यास कागद अडवावेत, असा अपवाद त्या नियमात नाही. थकबाकीची वसुली हे लेखाविभागाचे काम. त्यासाठी डॉक्टरांची नोंदणी पणास लावणे प्रस्तुत लेखकास मुळीच मान्य नाही.

नोंदीत दुरुस्ती करावयाची झाल्यास मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी सही, तारीख व वेळ घालावी. खतावणीत खाडाखोड करू नये, हे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो. केसपेपरचेही तसेच आहे.

संमतिपत्राचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढील एका प्रकरणात रुग्णेने केवळ दुर्बिणीच्या तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. सज्ञान रुग्णेच्या वतीने आईने दिलेली ही संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. जीव वाचविण्यासाठी तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया मात्र यास अपवाद ठरते. "घरच्यांची सही घेतली आहे" एवढ्यावर कोणत्याही शल्यविशारदाने निर्धास्त राहू नये.

दोष सिद्ध झाल्यास परिषद डॉक्टरांचे नाव ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचे नोंदवहीतून कमी करू शकते. मोजक्या तज्ज्ञांवर चालणाऱ्या धर्मादाय रुग्णालयात अशा वेळी एखादा बाह्यरुग्ण विभागच बंद पडतो आणि गरीब रुग्णास परत जावे लागते. अभिलेख कक्षावरील खर्चाकडे विश्वस्तांनी या दृष्टीने पाहावे.

रुग्णांच्या आप्तांनी कागदपत्रांसाठी लेखी अर्ज करावा आणि पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी.