संकरित ज्वारीचे बियाणे दरवर्षी नवे का घ्यावे?

भारतातील पहिला संकरित ज्वारी वाण, सी. एस. एच. १, हा १९६४ साली प्रसारित झाला. संकरित ज्वारीचे भरघोस पीक पाहून, त्यातील उत्तम कणसे निवडून तेच दाणे पुढील वर्षी पेरावेत, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु असे बी पेरल्यास काही ताटे उंच तर काही ठेंगणी होतात. काही लवकर निसवतात, काही मागे राहतात आणि उत्पन्न घटते. हा दोष जमिनीचा किंवा खताचा नव्हे. त्याचे कारण ज्वारीच्या पेशीत आहे.

ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रे, म्हणजे १० जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून व दुसरे पित्याकडून येते. रोप वाढताना पेशीचे विभाजन होते, तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची प्रतिकृती तयार होऊन दोन्ही नव्या पेशींना पूर्ण २० गुणसूत्रे मिळतात. परागकण व स्त्रीबीजे तयार होताना मात्र जोडीतील गुणसूत्रे जवळ येतात, काही भागांची अदलाबदल करतात आणि विलग होतात. प्रत्येक बीजपेशीस १० गुणसूत्रेच मिळतात व प्रत्येक जोडीची वाटणी स्वतंत्रपणे होते. मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडलेल्या नियमांचा हाच आधार होय, हे सटन यांनी १९०३ साली नाकतोड्याच्या पेशींच्या अभ्यासावरून दाखविले.

संकरित वाणाचे मायबाप शुद्ध असल्याने पहिल्या पिढीतील सर्व ताटे सारखी व जोमदार असतात. दुसऱ्या पिढीत एका जोडीत मातेचे व पित्याचे अशी दोन्ही गुणसूत्रे पुन्हा एकत्र येण्याचा संभव निम्मा असतो. दहाही जोड्यांत तसे घडण्याचा संभव १०२४ मध्ये एक एवढाच उरतो. अदलाबदलीमुळे तो आणखी घटतो. म्हणून कणीस कितीही टपोरे निवडले तरी संकराचा जोम टिकत नाही.

मालदांडीसारख्या सरळ वाणात जोडीतील दोन्ही गुणसूत्रे बहुतांशी सारखीच असतात. त्यामुळे वाटणी झाली तरी गुण बदलत नाहीत. अशा वाणाचे बी शेताच्या मध्यभागातील निरोगी कणसांतून निवडून घरी राखावे. संकरित वाणाचे बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे.