भिंतीवर आकडा, नाव नाही

पहिल्या महायुद्धात परमुलखात कैदी म्हणून मेलेल्या मराठी शिपायाबद्दल आपल्याला फारसं माहीत नाही, आणि त्याचं खापर आपण काळावर फोडतो. शंभर वर्षं उलटली, पाहिलेली माणसं गेली, असं म्हणून मोकळे होतो. पण त्याच युद्धातले गोरे अधिकारी याच शंभर वर्षांतून नावानिशी तरले. तेव्हा दोष काळाचा कमी आणि नोंदवहीचा जास्त. कोणाचं नाव लिहायचं आणि कोणाचा नुसता आकडा ठेवायचा, हे माणसांनीच ठरवलं होतं.

इराकातल्या कूत-अल-अमाराची हकीकत याचा ठसठशीत पुरावा आहे. बगदादच्या वाटेवरून माघार घेणारी जनरल टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिसच्या वळणावरच्या या गावात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या; कोकण आणि देशावरचे मराठे, सोबत दख्खनी मुसलमान. तुर्कांचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शिधा घटत गेला आणि घोडे कापायची वेळ आली. धर्म बुडेल या भीतीनं बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि स्कर्व्हीनं त्यांना पोखरलं. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. अधिकाऱ्यांना बोटीनं आणि रेल्वेनं पुढे नेलं. शिपायांना मात्र बगदाद, तिक्रीत, मोसुल असं करत रास-अल-ऐनकडे पायी हाकललं. वाटेत भूक, तहान आणि आमांशानं माणसं कोसळली. जे पोहोचले त्यांतल्या पुष्कळांना रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं. टाउनशेंड यांचा मुक्काम इस्तंबूलजवळच्या बेटावर, बंगल्यात पडला. शरणागती एकच होती. कैद कशी भोगायची ते हुद्द्यानं ठरलं.

इथं एक आक्षेप रास्त आहे. कूतच्या सुमारे २,६०० गोऱ्या शिपायांपैकी १,७०० हून अधिक कैदेत दगावले. हिंदी सैनिक नऊ हजारांहून अधिक होते आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास गेले. म्हणजे प्रमाणानं गोरेच जास्त मेले, मग भेदभाव कुठला? भेदभाव मरणात शोधायचा नाही, मरणानंतरच्या हिशेबात शोधायचा. बसऱ्याचं स्मारक चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी उभारलं गेलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं आहे. हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीचं नाव आणि पुढे मेलेल्यांची संख्या आली. यामागे वर्णभेद होता, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये मान्य करून माफी मागितली. आपल्याकडच्या गावोगावच्या शिळाही तशाच: या गावातून इतके लढाईवर गेले, त्यांतले इतके मेले, बस्स.

शिपाई निरक्षर होते, मग नावं मागे राहणार कशी, असंही म्हटलं जातं. याच कैदेत १९१७ मध्ये रास-अल-ऐनला वारलेले बंगाली डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जी आज ठाऊक आहेत ते त्यांच्या पत्रांमुळे, आणि ती घेऊन नातवाचं चरित्र लिहिणाऱ्या वृद्ध आजी मोक्षदादेवींमुळे. शिपायाच्या घरी असं लिहिणारं कोणी नव्हतं, हे खरं. पण पगार आणि पेन्शनीच्या कागदांसाठी सरकारला त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव लागतच होतं. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरली गेली. म्हणजे अडचण कोरण्याची कधीच नव्हती.

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या बिलोलीचा याच्याशी संबंध काय? बिलोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि मराठा पलटणींची भरती मुख्यतः मुंबई इलाख्यातून होई. म्हणून कूतच्या कैद्यांत इथला कोणी होता, असा दावा पुराव्यावाचून करू नये. मात्र संस्थानाचे घोडेस्वार पहिल्या युद्धात सुएझ आणि पॅलेस्टाइनला गेले होते. दुसऱ्या युद्धात संस्थानाची एक पायदळ पलटण मलायात कोटा भारूच्या विमानतळाच्या रक्षणाला होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी तिथंच उतरले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि चाळीस हजारांवर हिंदी सैनिक कैदी झाले. तेव्हा परदेशातली कैद हा विषय फक्त साताऱ्या-रत्नागिरीचा, असं मानून मराठवाड्याला हात झटकता येणार नाहीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे: साम्राज्यासाठी लढलेल्यांचं स्मरण स्वतंत्र देशानं का करावं? शिवाय ते शरण गेलेले. शरण जाण्याचा निर्णय सेनापतीचा होता, शिपायाचा नव्हे. साम्राज्याचं म्हणाल, तर नावाऐवजी आकडा ठेवणं ही साम्राज्याचीच रीत. ती आपण चालू ठेवली तर तिचा विरोध कसला? नाव नोंदवणं म्हणजे गौरव करणं नव्हे, माणूस होता एवढं कबूल करणं. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबी सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या अलीकडे संगणकावर आल्या आणि अनेक कुटुंबांना आपला पूर्वज सापडला. हैदराबादच्या अभिलेखागारातलं संस्थानी दफ्तर उर्दूत आहे. ते वाचणारी माणसं नांदेड जिल्ह्यात आजही आहेत. आणखी एक पिढी थांबलो तर ती मिळतीलच असं नाही. म्हणून या दफ्तरातून शिपायांची नावं शोधण्याचं काम इथल्या विद्यापीठानं आणि तालुक्याच्या महाविद्यालयांनी आत्ताच हाती घ्यावा.